उतारा द्यावा, दप्तर जपावे



सातबाऱ्याचा उतारा काढायला गेलेला माणूस तलाठ्याचे सगळे दप्तर उचलून घरी आणत नाही. त्याला हवा असतो एक कागद. त्या कागदावर आजची स्थिती असते. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, नाव कोणाचे, बोजा कोणाचा. ते नाव कसे लागले, आधी कोणाचे होते, कोणत्या साली कमी झाले, ही सारी हकीकत फेरफाराच्या नोंदवहीत असते. तिला गाव नमुना ६ म्हणतात. उतारा बाहेर जातो आणि नोंदवही सरकारी दप्तरात राहते. ज्यांच्या वाडवडिलांच्या वतनी जमिनी होत्या, त्यांना या वहीचे मोल वेगळे सांगायला नको. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्यानंतर कोणती जमीन कोणाला परत मिळाली आणि पुढे कोणाच्या नावावर गेली, हे नुसत्या आजच्या उताऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी एकेक जुना फेरफार काढावा लागतो.

ही रीत आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आज तीच रीत एका नव्या कामासाठी वापरायची आहे. कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी केलेले काम दुसऱ्याच्या हाती देताना ते कसे बांधून द्यावे, हा आजचा विषय आहे.

विषय तांत्रिक आहे म्हणून आई-वडिलांनी पान उलटू नये. नगर, संगमनेर, कोपरगाव, लोणी, राहुरी, श्रीरामपूर अशा ठिकाणी डिप्लोमाला आणि पदवीला शिकणारी मुले आज ऊसतोड कामगाराच्या, बांधकाम मजुराच्या आणि एमआयडीसीतल्या हेल्परच्या घरातून येतात. शेवटच्या वर्षी त्यांना प्रोजेक्ट करावे लागते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘तुझे काम दाखव’ असे विचारतात. कोणी दुकानदार, कोणी संस्था त्यांच्याकडून छोटा प्रोग्राम करून घेते. मुलगा किंवा मुलगी मेहनत करते आणि सगळे फोल्डर एका फाइलीत कोंबून पाठवून देते. त्या फाइलीत काय काय गेले, हे बऱ्याचदा पाठवणाऱ्यालाही माहीत नसते. नुकसान तिथेच होते.

दप्तर म्हणजे काय?

प्रोग्राम म्हणजे शेवटी लिखाणच. पाच, पन्नास किंवा पाचशे फाइली असतात आणि त्या रोज बदलतात. कालपर्यंत नीट चाललेला प्रोग्राम आज एका ओळीच्या बदलाने बंद पडतो. मग कालची फाइल हवी असते. म्हणून मुले फोल्डरच्या नकला करून ठेवतात. एकाचे नाव ‘प्रोजेक्ट’, दुसऱ्याचे ‘प्रोजेक्ट नवीन’, तिसऱ्याचे ‘प्रोजेक्ट फायनल’, चौथ्याचे ‘प्रोजेक्ट फायनल खरे’. महिनाभराने त्यातले खरे कोणते, हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

या अडचणीवर जगभर वापरात असलेले साधन म्हणजे ‘गिट’. लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिले. हजारो माणसे मिळून लिनक्स लिहीत होती आणि कोणी काय बदलले याची विश्वासू नोंद हवी होती, त्या गरजेतून गिट जन्माला आले. ते फुकट मिळते आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालते.

गिट वापरले की आपल्या फोल्डरमध्ये एक लपलेला कप्पा तयार होतो. त्याचे नाव टिंब-गिट. हेच आपले दप्तर. इंग्रजीत त्याला रिपॉझिटरी म्हणतात. काम एका टप्प्याला आले की आपण नोंद करतो, तिला ‘कमिट’ म्हणतात. कमिट म्हणजे आपला फेरफार. कोणी बदल केला, कोणत्या तारखेला केला, काय बदलले आणि का बदलले, हे सारे त्यात येते. प्रत्येक कमिटला एक क्रमांक मिळतो. तो सहसा ४० अक्षर-अंकांचा असतो. तलाठ्याच्या वहीत फेरफाराचे नंबर ओळीने पडतात. गिटचा क्रमांक मात्र आतल्या मजकुरावरूनच गणित करून काढलेला असतो. त्यामुळे मजकुरात एक काना-मात्रा बदलली तरी क्रमांक बदलतो.

नोंद नसली की काय होते, याचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते पेट्यांमध्ये बंद होऊन अनेक वर्षे न्यायालयाच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहिली. महाराष्ट्र सरकारने १९७६ मध्ये प्रकाशनासाठी समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. पुढे पेट्यांतली हस्तलिखिते संपादकांपुढे आली. टाइप केलेली पाने, त्यावर बाबासाहेबांच्या हातच्या दुरुस्त्या, कुठे अपुरी राहिलेली प्रकरणे, कुठे गहाळ झालेली पाने. कोणता कागद आधीचा आणि कोणता नंतरचा, हे एकेक पान लावून ठरवावे लागले. एवढ्या थोर माणसाच्या कागदांची ही कथा. आपल्या मुलांच्या हाती आज तारीखवार दप्तर ठेवणारे साधन फुकट आहे. ते न वापरणे हा आपलाच तोटा.

सरसकट झिप केल्याने काय जाते?

समजा, तुमच्या मुलीने वस्तीतल्या महिला बचत गटाच्या हिशोबाचा प्रोग्राम तयार केला. कोणी किती बचत भरली, कोणाला किती कर्ज दिले, कोणाचा हप्ता थकला, हे त्यात दिसते. कॉलेजच्या सरांनी सांगितले, ‘प्रोजेक्ट पाठव.’ तिने फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबले, झिप केले आणि पाठवले. त्या झिपमध्ये काय काय गेले ते पाहा.

पहिली गोष्ट, प्रोग्रामच्या फाइली. त्या जायलाच हव्या होत्या.

दुसरी गोष्ट, बाहेरून उतरवून घेतलेल्या तयार लायब्ऱ्या. त्यांचा आकार मुलीच्या स्वतःच्या कामापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्या समोरच्याला स्वतः उतरवून घेता येतात. त्यांच्यामुळे झिप एवढी जड होते की ईमेलने जातच नाही.

तिसरी गोष्ट, डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेली फाइल. आपल्या सोयीसाठी ती तिथे ठेवलेली असते. ती परक्या हाती गेली म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखे झाले.

चौथी गोष्ट, प्रोग्राम चालतो की नाही हे पाहण्यासाठी भरलेली खरी माहिती. गटातल्या बायांची नावे, आधार क्रमांक, बँकेचे खाते नंबर. ही माहिती मुलीची नाही, त्या बायांची आहे. शेजारच्या मावशीने विश्वासाने दिलेला आधारचा नंबर कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर फिरत राहतो.

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी आहे आणि ती दिसत नाही. तो लपलेला टिंब-गिट कप्पा. त्यात पहिल्या दिवसापासूनच्या साऱ्या नोंदी आहेत. जानेवारीत पासवर्ड फाइलीत लिहिला, कमिट केला आणि फेब्रुवारीत पुसला, तरी जानेवारीच्या नोंदीत तो तसाच राहतो. ज्याला गिट येते तो दोन मिनिटांत तो काढू शकतो. उतारा मागणाऱ्याला आपण सगळी फेरफार वही देऊन बसलो, असा याचा अर्थ.

गिट आर्काइव्ह : उतारा काढण्याची रीत

यावर गिटमध्येच एक आज्ञा आहे. तिचे नाव ‘आर्काइव्ह’. कोणत्या टप्प्याचा उतारा हवा ते सांगितले की ती दप्तरातून त्या नोंदीच्या फाइली काढते आणि त्यांची एकच दाबलेली फाइल बांधून देते. टिंब-गिट कप्पा त्यात येत नाही. दप्तरात कधी नोंदवलेच नाही तेही त्यात येत नाही. तयार लायब्ऱ्या, चाचणीची कच्ची माहिती, टेबलावर पडलेले अर्धवट काम, हे सारे बाहेर राहते.

आधी त्या टप्प्याला नाव द्यावे, त्याला ‘टॅग’ म्हणतात. समजा, नाव दिले ‘व्ही१.०’. मग फोल्डरमध्ये आज्ञेची खिडकी उघडून लिहावे. कॉम्प्युटरवर हे सारे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, इथे उच्चार देत आहोत :

गिट आर्काइव्ह --फॉरमॅट=झिप --प्रिफिक्स=बचतगट-१.०/ --आउटपुट=बचतगट-१.०.झिप व्ही१.०

एकेक शब्द समजून घेऊ. ‘फॉरमॅट’ म्हणजे बांधणीचा प्रकार. विंडोज वापरणाऱ्यासाठी झिप बरे. लिनक्सवाले बहुधा ‘टार’ करून ते जीझिपने दाबतात. ‘आउटपुट’ म्हणजे तयार होणाऱ्या फाइलीचे नाव. ‘प्रिफिक्स’ म्हणजे आतल्या सगळ्या फाइली ज्या फोल्डरमध्ये बसवायच्या त्याचे नाव. ते दिले नाही तर समोरच्याने झिप उघडताच शंभर फाइली त्याच्या फोल्डरमध्ये विखरून पडतात. प्रिफिक्सच्या शेवटची तिरपी रेघ विसरू नये. ती नसली तर फोल्डर होत नाही, ते नाव प्रत्येक फाइलीच्या नावाला पुढे चिकटते. शेवटचा शब्द म्हणजे कोणत्या नोंदीचा उतारा हवा ते.

महाभूमीच्या संकेतस्थळावरून १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यावर पडताळणीचा क्रमांक असतो, तो टाकला की उतारा खरा की खोटा हे कळते. गिटच्या उताऱ्यालाही तशी खूण असते. टॅगचा किंवा कमिटचा उतारा काढला की त्या कमिटचा क्रमांक झिपच्या आत शेरा म्हणून लिहिला जातो. ‘अनझिप’ या आज्ञेला ‘-झेड’ जोडले की तो वाचता येतो. टारच्या फाइलीतही हा क्रमांक असतो. सहा महिन्यांनी कोणी म्हणाले, ‘तुम्ही दिलेल्या प्रोग्रामात चूक आहे’, तर त्याच्याकडची फाइल आपल्या कोणत्या नोंदीची आहे हे त्या क्रमांकावरून कळते. मग आपण दिलेल्या कामात चूक होती की नंतर कोणी हात फिरवला, हे भांडण न करता ठरते.

आपल्या जिल्ह्याच्या नावाचेच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. बचत गटाच्या अहवालावर जिल्ह्याचे नाव छापले जाते, म्हणून प्रोग्रामात तो बदल करून कमिट केला. त्यानंतर बँकेने विचारले, ‘मार्च २०२३ चे अहवाल ज्या प्रोग्रामने निघाले तोच पुन्हा दाखवा.’ तेव्हा आजचा प्रोग्राम उपयोगी नाही. त्या वेळच्या टॅगचे नाव देऊन उतारा काढला की जुना प्रोग्राम जुन्या नावासकट जसाच्या तसा हाती येतो. आजच्या कामाला धक्काही लागत नाही. जुन्या कागदावर जुने नाव असणे ही चूक नव्हे. त्या दिवशी तेच नाव होते.

काय आत, काय बाहेर

आता दोन याद्यांतला फरक नीट लक्षात ठेवावा, कारण इथे गोंधळ होतो.

पहिली यादी म्हणजे ‘टिंब-गिटइग्नोर’ नावाची फाइल. जे दप्तरात मुळीच येऊ नये ते यात लिहायचे. पासवर्डची फाइल, खऱ्या माणसांची माहिती, उतरवलेल्या लायब्ऱ्या. ही यादी पहिल्याच दिवशी करावी. चाचणीसाठी खोटी नावे आणि खोटे नंबर वापरावेत.

दुसरी यादी म्हणजे ‘टिंब-गिटअॅट्रिब्यूट्स’ नावाची फाइल. काही गोष्टी दप्तरात हव्यात, पण उताऱ्यात नकोत. स्वतःसाठी केलेली टिपणे, चाचणीच्या फाइली, मोठे फोटो. अशा फाइलीचे नाव लिहून पुढे ‘एक्स्पोर्ट-इग्नोर’ हे शब्द लिहावेत. मग गिट आर्काइव्ह ती फाइल वगळते. मात्र ही यादीसुद्धा कमिट केलेली असावी लागते. ज्या नोंदीचा उतारा काढतो त्या नोंदीत असलेली यादीच गिट पाहते. यादी नुसती लिहून ठेवली आणि नोंद केली नाही, तर ती नसल्यासारखीच. बरीच मुले इथे अडतात आणि ‘गिट चालत नाही’ म्हणतात.

एक गोष्ट कठोरपणे सांगायला हवी. गिट आर्काइव्ह म्हणजे गाळणी नव्हे. पासवर्डची फाइल चुकून दप्तरात नोंदली गेली असेल आणि त्या टप्प्यात ती हजर असेल, तर ती उताऱ्यातही येणार. अशा वेळी आधी तो पासवर्ड बदलावा, मग बाकीची सफाई करावी. हरवलेल्या किल्लीचे कुलूप बदलतात तसेच. आणि जे काम नोंदवले नाही ते उताऱ्यात नाही. रात्री जागून केलेली दुरुस्ती कमिट करायची राहिली, तर सरांना जुनेच काम जाईल. एका दप्तरात दुसरे दप्तर जोडलेले असेल, ज्याला सबमॉड्यूल म्हणतात, तर त्या जागी रिकामे फोल्डर येते. म्हणून पाठवण्यापूर्वी ती झिप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून, आत एकेक फाइल पाहून, प्रोग्राम चालवून बघावा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बघता आला तर फारच चांगले.

दाबून लहान होते ते कसे?

पालक विचारतात, फाइल दाबली म्हणजे त्यातले काही कमी होते का? नाही. एका वस्तीतल्या शंभर घरांची यादी करायची आहे. प्रत्येक नावापुढे ‘तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर’ लिहायचे आहे. शहाणा माणूस ते एकदा लिहितो आणि खाली ‘सदर’ किंवा दोन छोट्या रेघा मारतो. वाचणाऱ्याला पूर्ण पत्ता कळतो आणि शाई वाचते. झिपमधले गणित हेच करते. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो पुन्हा न लिहिता ‘इतक्या अक्षरांमागे पाहा’ अशी खूण ठेवते. या युक्तीचा पाया झिव्ह आणि लेंपेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये घातला. झिप हा प्रकार १९८९ मध्ये आला, जीझिप १९९२ मध्ये. टार त्याहून जुना. ‘टेप’ आणि ‘आर्काइव्ह’ या शब्दांवरून त्याचे नाव पडले, कारण तेव्हा फाइली चुंबकीय फितीवर साठवत. नुसता टार फाइली एकत्र बांधतो, दाबत नाही. त्याला दाबण्याचे काम जीझिप करते.

प्रोग्रामच्या मजकुरात तेच तेच शब्द फार येतात, म्हणून तो दाबला की चांगला लहान होतो. मोबाइलवरचे फोटो मात्र आधीच दाबलेले असतात. ते झिपमध्ये टाकून आकारात फारसा फरक पडत नाही. फोटोंनी भरलेली झिप लहान होत नाही म्हणून कोणी कॉम्प्युटरला दोष देऊ नये.

शिक्का कशावर मारायचा?

पाठवलेली फाइल वाटेत बदलली नाही, हे पाहण्यासाठी एक गणिती शिक्का काढतात. त्याला चेकसम म्हणतात. ‘शा-२५६’ हा आज रूढ असलेला प्रकार आहे. फाइलीतला एक ठिपका बदलला तरी शिक्का पूर्ण बदलतो. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने आणि लिनक्समध्ये ‘शा२५६सम’ने तो निघतो. झिप पाठवताना हा शिक्का वेगळ्या निरोपात पाठवावा. समोरचा माणूस स्वतः तो काढून ताडून पाहतो.

या शिक्क्याबाबत जगाला एक धडा मिळाला तो ३० जानेवारी २०२३ रोजी. जगभरातली गिटची असंख्य दप्तरे गिटहब नावाच्या ठिकाणी ठेवलेली असतात. आपल्या मुंबईतल्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेने केलेले मराठी अक्षरांचे खुले फॉन्टही तिथून कोणालाही घेता येतात. तिथे प्रत्येक टप्प्यापुढे ‘झिप’ आणि ‘टार’ अशा दोन जोडण्या दिसतात. त्या जोडणीवर बोट ठेवले की मागे हीच गिट आर्काइव्ह आज्ञा काम करते. त्या दिवशी गिटहबने गिटची नवी आवृत्ती बसवली. टारची फाइल दाबण्याचे काम आधी जीझिप हा वेगळा प्रोग्राम करीत असे, नव्या आवृत्तीत गिट ते स्वतः करू लागले. आतल्या फाइली अक्षरशः त्याच होत्या. फक्त दाबण्याची पद्धत किंचित वेगळी झाली आणि शिक्का बदलला. तेच कपडे दोन बायांनी आपापल्या पद्धतीने घडी घालून गाठोड्यात बांधले, तर कपडे तेच असतात, पण गाठोडे वेगळे दिसते. जुन्या शिक्क्याशी ताडून पाहणारी जगभरची यंत्रे ‘ही फाइल कोणी बदलली’ म्हणून अडून बसली. ठिकठिकाणी कामे थांबली. त्याच दिवशी गिटहबला बदल मागे घ्यावा लागला.

आपण यातून काय घ्यावे? उतारा एकदाच काढावा, त्याच फाइलीचा शिक्का काढावा आणि ती फाइल जपून ठेवावी. पुन्हा काढला तर तोच शिक्का येईल असे धरून चालू नये. आतला मजकूर तोच आहे का, हे पाहण्यासाठी कमिटचा क्रमांक आहे. पाठवलेली फाइल तीच आहे का, हे पाहण्यासाठी चेकसम आहे. दोन्ही खुणांची कामे वेगळी आहेत.

दप्तर जपा

उतारा दिला म्हणजे काम संपले असे समजून पुष्कळ मुले मूळ फोल्डर पुसून टाकतात. फोन किंवा लॅपटॉप भरला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. उताऱ्यातून दप्तर पुन्हा तयार होत नाही. झिपमध्ये एका दिवसाचे चित्र आहे, मागचा इतिहास नाही. तो हवा असेल तर दप्तराचीच नक्कल ठेवावी. त्यासाठी गिटमध्ये ‘बंडल’ नावाची आज्ञा आहे. ‘गिट बंडल क्रिएट’, पुढे फाइलीचे नाव आणि शेवटी ‘--ऑल’ लिहिले की साऱ्या नोंदी, साऱ्या शाखा, सारे टॅग एका फाइलीत येतात. ती पेनड्राइव्हवर घ्यावी. एक प्रत घरी ठेवावी, एक नातेवाइकाकडे. त्या फाइलीपासून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पूर्ण दप्तर उभे करता येते.

हे कशासाठी जपायचे? श्रम कोणाचे होते, हे सांगायला. चार मुलांच्या गटात एकीने सारे लिहिले आणि नाव दुसऱ्याचे पुढे आले, असे घडते. काम करून घेणारा पैसे द्यायच्या वेळी ‘यात तू काय केलेस?’ असे विचारतो. तेव्हा उताऱ्यात उत्तर सापडत नाही. उत्तर दप्तरात असते. कोणत्या दिवशी कोणती ओळ कोणी लिहिली, हे तिथे नोंदलेले असते. एक सावधगिरी मात्र सांगतो. कमिटवरची तारीख आपल्याच कॉम्प्युटरच्या घड्याळावरून येते आणि ती बदलता येते. म्हणून एकट्या तारखेवर भिस्त ठेवू नये. टप्पा पूर्ण झाला की त्याचा कमिट क्रमांक मार्गदर्शक सरांना किंवा काम देणाऱ्याला त्याच दिवशी ईमेलने कळवावा. तो क्रमांक मजकुरावरूनच निघत असल्यामुळे, त्या दिवशी तो मजकूर आपल्याकडे होता याला ती ईमेल साक्षीदार ठरते.

हक्काचीही एक गोष्ट समजून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. म्हणून कंपनीचे दप्तर घरी आणू नये आणि कोणाला दाखवूही नये. तेथे कंपनीने पूर्ण दप्तर मागितले तर द्यावेच लागते. पण स्वतंत्रपणे, कोणाच्या नोकरीत नसताना काम केले असेल, तर काय द्यायचे ते आधी लेखी ठरवावे. नुसता उतारा द्यायचा की पूर्ण दप्तर, आणि पैसे कोणत्या टप्प्याला मिळणार. तोंडी बोलण्यावर पूर्वीच्या पिढ्यांनी फार गमावले आहे.

आई-वडिलांना प्रोग्राम लिहिता यायला हवा असे नाही. मुलगा किंवा मुलगी ‘काम पाठवतो’ म्हणाली की त्यांनी फक्त चार प्रश्न विचारावेत. गाठोड्यात काय काय बांधले आहेस? त्यात कोणाचा नंबर, कोणाची किल्ली तर गेली नाही ना? उघडून चालवून पाहिलेस का? आणि मूळ दप्तराची दुसरी प्रत कुठे ठेवली आहेस? या चार प्रश्नांची सरळ उत्तरे ज्या मुलाला देता येतात, त्याचे काम कोणी सहजासहजी आपल्या नावावर करून घेऊ शकत नाही.

एका साध्या सातबाऱ्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी माणसे आपण. कागदाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. आता तो कागद पडद्यावर आला आहे, एवढेच. उतारा मोकळ्या हाताने द्यावा. दप्तर आपल्या घरी, आपल्या ताब्यात ठेवावे.

जय भीम.